गाणी भरून देणारी दुकाने

साधारण २००६ ते २०१६ या काळात महाराष्ट्रातल्या बहुतेक एसटी स्थानकांजवळ, आठवडे बाजाराच्या गावांत आणि शहरांतल्या वस्त्यांच्या तोंडाशी एक दुकान हमखास असे. दर्शनी भागात रिचार्जचे फलक, काचेच्या कपाटात चार्जर, बॅटऱ्या, कव्हरे आणि कोपऱ्यात धूळ खाल्लेला एक संगणक. गिऱ्हाईक मोबाइलमधले मेमरी कार्ड काढून काउंटरवर ठेवी; दुकानदार ते कार्ड रीडरमध्ये खोचून दहा, वीस, फार तर पन्नास रुपयांत गाणी, व्हिडिओ आणि सिनेमे भरून देई. हा धंदा कुणी ठरवून सुरू केला नव्हता, त्याची कुठल्या व्यापारी संघटनेत नोंद नव्हती आणि कायद्याने पाहिले तर तो बहुतांशी चोरीचाच होता. तरीही बोलण्यासाठी घेतलेला मोबाइल सामान्य माणसाच्या हातात करमणुकीचे साधन झाला तो याच दुकानांमुळे. स्ट्रीमिंग कंपन्यांना पुढे जो प्रेक्षक आयता मिळाला, तो या संगणकांपुढे ताटकळत उभा राहूनच तयार झाला होता.

या धंद्याचे मूळ कॅसेटच्या जमान्यात आहे. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॅसेट बाजारात आणली, पण भारतात ती घरोघर पोचायला सत्तरच्या दशकाची अखेर उजाडली. आखाती देशांत नोकरीला गेलेल्या माणसांनी सुट्टीवर येताना आणलेले टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकत्र असलेले संच, रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांत त्या काळी ओटीवर मानाने मांडलेले असत. ऐंशीच्या दशकात गुलशन कुमार यांच्या सुपर कॅसेट्सने किमती खाली खेचल्या आणि तबकडीपुरते मर्यादित असलेले संगीत पानाच्या टपरीवर वाजू लागले. याच सुमारास कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून देणारी दुकाने निघाली. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, साठ किंवा नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट द्यायची आणि दोन-चार दिवसांनी भरलेली कॅसेट घेऊन जायची. शेवटच्या गाण्याला जागा उरली नाही तर ते मध्येच तुटे. गणेशोत्सवात व्हीसीआर आणि टीव्ही भाड्याने आणून मंडपात रात्रभर सिनेमे दाखवण्याची प्रथाही तेव्हाचीच. दोन हजार सालाच्या आसपास एमपीथ्री सीडी आली. ७०० एमबीच्या एका तबकडीवर दीडशेच्या आसपास गाणी मावत. सायबर कॅफेवाल्यांनी सीडी रायटर घेतले आणि कॅसेटवाल्यांचे गिऱ्हाईक तिकडे वळले. मोबाइल दुकानातला कोपऱ्यातला संगणक पुष्कळदा बंद पडलेल्या सायबर कॅफेतूनच आलेला असे.

मोबाइलचा गाण्यांशी संबंध मात्र बराच उशिरा आला. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना दिल्लीत फोन केला. तो भारतातला पहिला मोबाइल कॉल. तेव्हा एका मिनिटाच्या बोलण्याला सोळा रुपयांपर्यंत मोजावे लागत आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. त्यामुळेच मिस्ड कॉल ही भारतीय जनतेची स्वतंत्र संपर्कपद्धती बनली. २००३ मध्ये इनकमिंग मोफत झाले आणि त्याच वर्षी टॉर्चवाला नोकिया ११०० आला. मोबाइल रिक्षावाल्याच्या, भाजीवालीच्या हातात गेला तो तेव्हापासून. कंपन्यांना संगीतातून पहिला मोठा पैसा मिळाला तो रिंगटोन आणि २००४ पासून आलेल्या कॉलर ट्यूनमधून. महिन्याला तीसेक रुपये भाडे भरून स्वतःला कधीच ऐकू न येणारे गाणे लावायचे, असा तो चमत्कारिक व्यवहार होता. लोकांनी तो आनंदाने केला. कुणाच्या फोनवर कोणता अभंग किंवा कोणते सिनेगीत वाजते यावरून माणसाची पारख होऊ लागली.

या सगळ्याला कलाटणी दिली मेमरी कार्डाने. नोकिया ६६०० सारख्या २००३ मधल्या महागड्या फोनमध्ये कार्डाची सोय होती, पण ते कार्ड मोठे आणि फोन साहेब लोकांचा. सॅनडिस्कने २००४ मध्ये ट्रान्सफ्लॅश नावाचे कार्ड काढले आणि २००५ मध्ये तेच मायक्रोएसडी या नावाने सर्वमान्य झाले. लांबी १५ मिलिमीटर, रुंदी ११ मिलिमीटर, जाडी एक मिलिमीटर. करंगळीच्या नखाएवढा ऐवज. त्यावर एक किंवा दोन जीबी सहज मावू लागल्यावर नोकियाचे एक्सप्रेसम्युझिक आणि सोनी एरिक्सनचे वॉकमन फोन कॉलेजच्या पोरांचे स्वप्न झाले. पण ते स्वप्न सर्वदूर पोचवले चिनी फोनांनी. तैवानच्या मीडियाटेक कंपनीच्या तयार चिपवर शेन्झेनमधल्या छोट्या कारखान्यांनी दोन सिमचे, मोठ्या आवाजाच्या स्पीकरचे, कार्डाची खाच असलेले फोन बनवले. मुंबईतले मनीष मार्केट, पुण्यातली तपकीर गल्ली अशा ठिकाणांहून ते दोन-तीन हजारांत तालुक्याच्या गावापर्यंत जात. त्यांचा आवाज एवढा मोठा असे की एका फोनवर अख्खी जीप गाणी ऐके. अशा अनेक फोनांना आयएमईआय हा ओळखक्रमांकच नव्हता. सुरक्षेच्या कारणास्तव सरकारने १ डिसेंबर २००९ पासून असे फोन नेटवर्कवरून बंद करायला लावले. त्यांची जागा मायक्रोमॅक्स, कार्बन, लावा, स्पाइस या देशी नाममुद्रांनी घेतली. फोन बहुधा चीनमधूनच येत; फक्त क्रमांक आणि बिल व्यवस्थित असे.

फोनमध्ये इंटरनेट असताना लोक दुकानात का जात, याचे उत्तर गणितात आहे. पाच मिनिटांचे गाणे १२८ केबीपीएस दर्जाचे असेल तर त्याची फाइल सुमारे ४.८ एमबी होते. टूजीवर प्रत्यक्षात ४० केबीपीएसच्या आसपास वेग मिळे, म्हणजे एका गाण्याला सोळा मिनिटे, तीही मध्ये तुटले नाही तर. शिवाय पॅक न घेता नेट वापरले तर दहा केबीला दहा पैसे हा तेव्हाचा नेहमीचा दर. त्या दराने हे एक गाणे ४८ रुपयांना पडे. दुकानात दहा रुपयांत शंभर गाणी मिळत होती. दोन जीबीच्या कार्डावर चारशेच्या घरात गाणी बसत आणि वर्षभर पुरत. बॅलन्स कापला जाईल या धास्तीने कित्येक जण इंटरनेटचे बटण चुकून दाबले गेले तरी घाईने लाल बटण दाबून बाहेर पडत.

दुकानातली पद्धत सगळीकडे जवळपास सारखीच असे. संगणकात नावानिशी फोल्डर केलेले असत: न्यू हिंदी, ओल्ड हिंदी, मराठी, लावणी, भीमगीते, भक्तिगीते, कीर्तन, डीजे, साऊथ डब. नेहमीचे गिऱ्हाईक असेल तर दुकानदार न विचारताच भरायला घेई. नवे असेल तर आधी कार्ड तपासून त्यात व्हायरस निघाला की ‘फॉरमॅट मारावे लागेल’ असे सांगे, आणि मग कार्डातले लग्नाचे फोटो दुसरीकडे काढून ठेवण्याचा सोपस्कार. सिनेमा हवा असेल तर काम वाढे. साध्या फोनला थ्रीजीपी नावाच्या स्वरूपातलाच व्हिडिओ चाले आणि त्याचे चित्र बहुधा १७६ बाय १४४ ठिपक्यांचे असे. फॉरमॅट फॅक्टरीसारख्या फुकट सॉफ्टवेअरने दुकानदार अडीच तासांचा सिनेमा दीडशे-दोनशे एमबीत कोंबत असे. नायकाचा चेहरा आवाजावरून ओळखावा लागे, पण तक्रार कुणी करत नसे. रूपांतराला संगणक तासन्‌तास घेई. म्हणून नव्या सिनेमाचे काम रात्री लावून ठेवायचे आणि सकाळी प्रती वाटायच्या, अशी शिस्त होती. याच उमेदवारीतून गावोगावच्या मुलांनी फाइलची स्वरूपे, बिटरेट, ड्रायव्हर आणि फ्लॅशिंग या गोष्टी शिकून घेतल्या. पुढे तेच मोबाइल दुरुस्तीत उतरले.

माल येई तो निरनिराळ्या वाटांनी. काही संकेतस्थळांवरून, काही शहरातल्या घाऊक विक्रेत्याच्या हार्ड डिस्कवरून आणि बराचसा शेजारच्या दुकानदाराकडून उसना. मोठ्या कंपन्यांच्या यादीत कधीच न दिसणारा मालही यात असे आणि या धंद्याचे खरे वेगळेपण तेच आहे. तालुक्याच्या डीजेने घरच्या संगणकावर केलेली रीमिक्स, जत्रेतल्या तमाशाचे चित्रण, आंबेडकर जयंतीच्या आधी निघणारी नवी भीमगीते, गावातल्या सप्ताहातले कीर्तन, बैलगाडा शर्यतीचे व्हिडिओ. रीमिक्स करणारा आपले नाव गाण्यातच दर मिनिटाला वदवून ठेवी, कारण कॅसेटवर असते तसे वेष्टन येथे नव्हते आणि नाव छापायला दुसरी जागाच नव्हती. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते आणि पु. ल. देशपांडे यांचे कथाकथन यांचे कॅसेटवरून एमपीथ्रीत झालेले स्थलांतरही मोठ्या प्रमाणात अशाच हातांनी केले. दर्जा सुमार, मध्येच खरखर, कलावंताला दमडीही नाही; तरी त्यामुळे ते ऐकणाऱ्यांची एक पिढी वाढली हे खरे.

दुकानाबाहेर पसरण्याचे साधन होते ब्लूटूथ. एकाच्या कार्डात आलेले गाणे वर्गातल्या मागच्या बाकांवर दुपारपर्यंत सगळ्यांकडे जाई. पुढे स्मार्टफोन आल्यावर शेअरइट आणि झेंडर या ॲपांनी हेच काम अनेक पटींनी वेगात केले. एकाने पैसे मोजायचे आणि दहा जणांनी वाटून घ्यायचे, हे या काळातले सर्वसाधारण अर्थशास्त्र होते.

कायदा अर्थातच विरुद्ध होता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा प्रती करून विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. छापे पडत, संगणक जप्त होत आणि आठवड्याभरात दुसरा संगणक येई. संगीत कंपन्यांच्या संघटनेने पुढे दुकानदारांना ठरावीक शुल्क घेऊन गाणी भरण्याचा परवाना देण्याचा व्यवहार्य मार्गही काढला. तो घेणारे थोडे. २०१२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाच्या आदेशाने फुकट गाणी देणारी १०४ संकेतस्थळे बंद करायला लावण्यात आली. दुकानदारांना त्याची फारशी झळ लागली नाही, कारण तोवर सगळे त्यांच्या डिस्कवर आलेले होते. दंडाच्या भीतीने हा धंदा मोडला नसता. त्याहून स्वस्त काहीतरी यावे लागणार होते.

ते येण्याची तयारी मात्र बरीच आधी सुरू झाली होती. २००७ मध्ये सावन आणि धिंगाणा या दोन संगीतसेवा निघाल्या. धिंगाणा ही शिंदे आडनावाच्या दोघा जुळ्या भावांची. तिचे एक कार्यालय पुण्यात आणि दुसरे कॅलिफोर्नियात. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हिंदी-मराठी गाणी चटकन मिळण्याचे ते एक ठिकाण झाले होते. यूट्यूबची भारतीय आवृत्ती मे २००८ मध्ये आली, गाना २०१० मध्ये. त्याच वर्षी आयपीएलचे सामने यूट्यूबवर थेट दाखवले गेले. पण हे सगळे घरी ब्रॉडबँड असलेल्यांपुरते होते. थ्रीजीचा लिलाव २०१० च्या एप्रिल-मे महिन्यांत ३४ दिवस चालला आणि सरकारला ६७,७१९ कोटी रुपये मिळाले. कंपन्यांनी तो पैसा ग्राहकाकडून वसूल करायचे ठरवले. परिणामी एक जीबी थ्रीजी डेटा अडीचशे रुपयांच्या आसपास राहिला आणि शहर सोडले की पडद्यावर पुन्हा टूजीचे ‘ई’ हे अक्षर दिसू लागे.

तंत्र दरम्यान सुधारत होते. आधीच्या पद्धतीत व्हिडिओ एकसंध फाइल म्हणून येई आणि वेग घटला की अडके. पडद्यावर गोल चक्र फिरत राही. ॲपलने २००९ मध्ये मांडलेल्या आणि नंतर इतरांनीही स्वीकारलेल्या पद्धतीत व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे केले जातात आणि प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जांत तयार ठेवला जातो. फोन दर वेळी नेटवर्कचा अंदाज घेऊन झेपेल तो तुकडा मागतो. बस बोगद्यात शिरली की चित्र धूसर होते, पण गोष्ट थांबत नाही. १७६ बाय १४४ ठिपक्यांवर पोसलेल्या प्रेक्षकाला धूसर चित्राचे वावडे नव्हतेच.

याच काळात मोबाइलचा नाद असलेला एक वर्ग तयार झाला. भारतात पहिला अँड्रॉइड फोन, एचटीसी मॅजिक, २००९ मध्ये आला. पण खरा धुमाकूळ २०१४ चा. मोटो जी आणि त्यापाठोपाठ शाओमीचे फोन फक्त ऑनलाइन विकले जाऊ लागले आणि ठरलेल्या वेळी बटण दाबून काही सेकंदांत संपणाऱ्या विक्रीत फोन ‘लागला’ तर मित्रांत पेढे वाटले जात. या मंडळींचे दैनंदिन जीवन फोनभोवती फिरे: रात्री रूट करून सायनोजेनमॉड ही पर्यायी प्रणाली टाकणे, सकाळी बॅटरी किती टिकते ते पाहणे, एमएक्स प्लेअरवर सबटायटल जुळवणे, एक जीबीचा पॅक महिनाभर पुरवण्यासाठी पार्श्वभूमीतली ॲपे बंद करणे. त्यांनाही सिनेमा बघायचा तो डाउनलोड करूनच, आणि तोही कुणाच्या तरी ऑफिसच्या वायफायवर. कंपन्यांना ही सवय कळली होती. यूट्यूबने डिसेंबर २०१४ मध्ये व्हिडिओ फोनमध्ये साठवून नंतर पाहण्याची सोय भारतात दिली. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर गुगल आणि रेलटेलचे मोफत वायफाय सुरू झाले. अशा वायफायवर गाडीची वाट पाहत सिनेमा उतरवून घ्यायचा आणि प्रवासात बघायचा, ही रीत कार्ड भरण्याचीच पुढची पायरी होती.

कार्डवाल्या दुकानांचा अखेरचा बहर २०१६ च्या उन्हाळ्यातला. २९ एप्रिलला ‘सैराट’ प्रदर्शित झाला, त्याची चोरटी प्रत थोड्याच दिवसांत बाहेर आली आणि कार्डाकार्डांतून फिरली. त्याच वेळी चित्रपटगृहांबाहेर रांगा होत्या आणि त्या चित्रपटाने मराठीतले उत्पन्नाचे सगळे विक्रम मोडले. चोरट्या प्रतीमुळे धंदा बुडतोच असे नाही, एवढे त्यातून दिसते. बुडत नाहीच असे मात्र कुणी म्हणू नये. लहान निर्माते त्यात खरोखरच मेले.

५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली. आधी वर्षअखेरपर्यंत आणि मग ३१ मार्च २०१७ पर्यंत डेटा फुकट होता. १७० दिवसांत दहा कोटी ग्राहक झाले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आकड्यांप्रमाणे एका जीबीचा सरासरी दर २०१४ मध्ये २६९ रुपये होता. २०१८ मध्ये तो बारा रुपयांच्याही खाली आला. दहा रुपयांत कार्ड भरून देणाऱ्याला अशा दरापुढे टिकाव धरणे शक्यच नव्हते. २०१७ मध्ये आलेल्या, दीड हजार रुपये अनामत घेऊन दिल्या जाणाऱ्या जिओफोनने बटणांच्या फोनवरही यूट्यूब आणले. गाणी भरायला येणारे गिऱ्हाईक दोन वर्षांत नाहीसे झाले.

स्वस्त डेटाने सवयी कशा बदलल्या त्याचे सर्वांत ठळक माप क्रिकेट आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या हॉटस्टारवर २०१८ च्या आयपीएल अंतिम सामन्याला एका वेळी एक कोटीहून अधिक प्रेक्षक होते, २०१९ च्या विश्वचषकातल्या भारत-न्यूझीलंड उपांत्य सामन्याला अडीच कोटी आणि २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्याला ५.९ कोटी. मराठीत याचा फायदा उठवला तो आधी यूट्यूबवरच्या मंडळींनी. शहरी तरुणांसाठी भाडिपा, तर साताऱ्याकडच्या बोलीतली ‘गावाकडच्या गोष्टी’ आणि बारामती तालुक्यातल्या कांबळेश्वरची ‘चांडाळ चौकडीच्या करामती’. मेमरी कार्डावर तमाशाचे चित्रण पाहणारा प्रेक्षक या मालिकांना आयताच मिळाला. केवळ मराठीसाठी निघालेले प्लॅनेट मराठी हे व्यासपीठ २०२१ मध्ये आले, पण पैसे भरून पाहणारा मराठी प्रेक्षक मिळवणे फुकट प्रेक्षक मिळवण्यापेक्षा कितीतरी अवघड ठरले. नेटफ्लिक्सलाही तोच अनुभव आला. २०१६ मध्ये महिना पाचशे रुपयांपासून सुरुवात करणाऱ्या या कंपनीने २०१९ मध्ये केवळ मोबाइलसाठी १९९ रुपयांची योजना काढली आणि २०२१ च्या अखेरीस ती १४९ वर आणली.

टाळेबंदीत या यंत्रणेची परीक्षा झाली. मार्च २०२० मध्ये नेटवर्कवर ताण येऊ नये म्हणून कंपन्यांनी मोबाइलवरचे चित्र काही आठवडे ४८० ओळींपर्यंत खाली आणले. त्याच वर्षी २९ जूनला सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली. त्यात शेअरइट, झेंडर आणि यूसी ब्राउझर ही तिन्ही होती. फाइल उतरवणे आणि वाटून घेणे या दोन्ही सवयींची मुख्य हत्यारे एकाच दिवशी गेली आणि त्याचा गाजावाजा टिकटॉकच्या तुलनेत काहीच झाला नाही.

कार्ड गेल्याने गाण्यावरची मालकीही गेली. कार्डातले गाणे चोरीचे असले तरी ते गिऱ्हाइकाचे होते. स्ट्रीमिंगमधले गाणे कायदेशीर असले तरी परवाना असेतोवरच आहे. धिंगाणा २०१४ मध्ये बंद झाली तेव्हा लोकांनी वर्षानुवर्षे लावलेल्या याद्या तिच्याबरोबर गेल्या. एअरटेलचे विंक २०२४ मध्ये बंद झाले. सावन जिओकडे गेले, गाना २०२२ मध्ये पैसे भरणाऱ्यांपुरते उरले. तालुक्याच्या डीजेची रीमिक्स आणि जत्रेतली चित्रणे यांतली पुष्कळशी कुठेच चढवली गेली नाहीत. ती ज्या डिस्कवर होती त्या भंगारात गेल्या आणि कोणत्याही संग्रहालयाने त्या जपल्या नाहीत. मराठी लोकसंगीताच्या अभ्यासकांनी या नुकसानीची दखल घ्यायला हवी होती.

दुकाने मात्र टिकली. आता तेथे टेम्पर्ड ग्लास बसवून मिळते, डिस्प्ले बदलून मिळतो, रिचार्ज आणि सरकारी अर्ज भरले जातात. अनेक नव्या फोनांत कार्डाची खाचही राहिलेली नाही. कोपऱ्यातला संगणक जेथे अजून चालू आहे, तेथे गिऱ्हाईक पेनड्राइव्ह घेऊन येते. ऊस वाहणारे ट्रॅक्टर, वडाप जीपा आणि लग्नातले साउंडवाले यांना शेतात, घाटात किंवा गर्दीत नेटवर्कवर भरवसा ठेवून चालत नाही, म्हणून हंगामाच्या तोंडाला ते गाणी अजूनही भरूनच घेतात.